'ओफेइनाचं पान उघडत नाही

"फाइलच्या नावात अक्षरं आणि आकडे सोडून काही घालू नका, पुढे पस्तावाल," असं फिजीतल्या सुवा शहरातल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या. लुसिआनेने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. टोंगा बेटांवरच्या कितीतरी नावांत फाकाउआ असतो. दिसायला वर टांगलेला स्वल्पविराम, पण बोलताना तिथे श्वास घशात अडतो आणि मग नाव बाहेर पडतं. ते चिन्हबिन्ह नाही, अक्षर आहे. अक्षर गाळायचं म्हणजे माणसाचं नाक कापून फोटो काढायचा. राजधानी नुकु'आलोफातल्या कचेरीत नोकरी लागल्यावर तिने प्रत्येक म्हाताऱ्याची फाइल फाकाउआसकट नाव देऊनच केली.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे नर्स पाठवायची, हे त्या कचेरीचं काम. फाइली मात्र कुठेही पडलेल्या. काही गावाच्या फोल्डरात, काही वर्षाच्या, काही नोकरी सोडून ऑकलंडला गेलेल्या नर्सच्या नावाखाली. कुणाचं काय कुठे आहे ते फक्त लुसिआनेला ठाऊक. बाळंतपणाच्या रजेतसुद्धा फोन यायचे. "लुसे, लापाहाच्या आजोबांची फाइल कुठे गं?" ती वैतागल्यासारखं करायची आणि तान्ह्या मेलिआमेला थोपटत अचूक सांगायची. मग एके दिवशी फोन यायचे बंद झाले.

रजा संपवून ती कामावर आली तेव्हा कारण समोर बसलेलं होतं. कालोलाइने, तिच्या नवऱ्याची थोरली बहीण, तिच्या जागी बदलीवर आली होती. तिने एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, लिहिली होती. ती सगळी फोल्डरं आतपर्यंत धुंडाळायची, प्रत्येक फाइल शोधायची आणि एका पानावर सगळ्यांच्या लिंका मांडायची. नर्सने फोनवर नावाला बोट लावलं की फाइल पुढ्यात.

"बघ लुसे, तुझ्या डोक्यातलं सगळं बाहेर काढून ठेवलं," कालोलाइने म्हणाली. "आता डोकं रिकामं. बाळाकडे बघ निवांत."

"हो ताई," लुसिआने हसली. दाढा मात्र एकमेकींवर घट्ट बसल्या.

नणंदेला उलटून बोलायची सोयच नव्हती. टोंगात भावाच्या लेकरावर आत्याचा हक्क पहिला, मान सगळ्यांत वरचा. लुसिआनेला मुलीला आपल्या आईचं नाव द्यायचं होतं. मेलिआमे हे नाव कालोलाइनेने ठेवलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि ती मुलगीही अशी फितूर, की आत्या दिसली की आईच्या कडेवरून अंग झोकून द्यायची. नाव तिने ठेवलं, खुर्ची तिची झाली, आता डोकंही तिनेच रिकामं केलं.

लुसिआने त्या यादीत चूक शोधू लागली. चूक नक्की असणार, असायलाच हवी. बाळ कचेरीच्या चटईवर झोपलं की ती एकेक लिंक उघडून बघायची. उघडत होत्या. मंगळवारी तिने कोलोवाई गावातल्या 'ओफेइना आजीच्या नावावर बोट ठेवलं. पांढरं, कोरं पान. साखरेचा आजार, पायाला चिघळलेली जखम, आठवड्यातून दोनदा पट्टी. हे सगळं तिने स्वतः टाइप केलं होतं. त्यातलं काहीच नाही. मग तिने फाकाउआवाली सगळी नावं उघडली. सगळी कोरी.

तिने स्क्रिप्ट उघडली आणि कारण लगेच दिसलं. कालोलाइने प्रत्येक फाइलचा पत्ता दोन वरच्या स्वल्पविरामांच्या कुंपणात घालत होती. नावातच तसला एक असला की कुंपण तिथेच संपायचं आणि माणूस बाहेर. कालोलाइने स्वतः घाईने टाइप करताना फाकाउआ गाळायची, म्हणून तिच्या फाइली बिनघोर उघडत होत्या.

लुसिआनेच्या पोटात गुदगुल्या झाल्या. आत्ता उठून सांगितलं तर काय होईल? कालोलाइने म्हणेल, "अगंबाई, हो की," आणि दोन मिनिटांत दुरुस्त करेल. कुणाला कळणारही नाही. शुक्रवारी साहेबांसमोर बैठक होती. शुक्रवारी सांगू. नर्सना घरं पाठ असतात, तेवढ्याने कुणाचं काही अडत नाही. असं तिने स्वतःला सांगितलं आणि बुधवार तसाच जाऊ दिला.

गुरुवारी जेवताना वीका नावाची नर्स अळूच्या पानातलं मांस सोडवत होती. कोलोवाईकडचा भाग तिच्याकडे नवाच आला होता.

"तिकडचं काम हलकं झालं बाई," वीका म्हणाली. "'ओफेइना आजी गेल्या वाटतं लेकाकडे."

"कुठे गेल्या?" लुसिआनेने विचारलं.

"ऑकलंडला, दुसरं कुठे? पान कोरं आलं. माणूस परदेशी गेलं की फाइल काढतातच ना आपल्याकडे. दोन फेऱ्या वाचल्या."

लुसिआनेचा घास हातातच राहिला. कोरं पान म्हणजे बिघाड, असं टोंगाबाहेरच्या कुणालाही वाटलं असतं. इथे कोरं पान म्हणजे ऑकलंड.

"ताई, गाडी काढा," ती पलीकडे जेवत बसलेल्या कालोलाइनेला म्हणाली. "'ओफेइना कुठेही गेलेली नाही. तुमची लिंक फाकाउआपाशी तुटते."

कालोलाइनेने किल्ल्या उचलल्या, बाळाला उचललं. शहर मागे पडल्यावर तिने विचारलं, "कधी कळलं तुला?"

"मंगळवारी."

"आणि शुक्रवारची वाट बघत होतीस."

लुसिआनेने होकारार्थी मान हलवली.

"माझं नाक कापायला आजीचा पाय लावलास होय गं पणाला?" कालोलाइने म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

कोलोवाईत शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "त्या तर लेकाकडे गेल्या ना? दिवा नाही दिसत." दार नुसतं लोटलेलं होतं. 'ओफेइना चटईवर पडून होती. ओठ वाळलेले, अंग तापलेलं, पट्टीला वास. डोळे उघडून ती हळू म्हणाली, "आज कोणता वार?"

तिच्या पायाची दोन बोटं गेली, पाय वाचला. दवाखान्यात तिने कालोलाइनेचा हात गालाला लावून धरला, कारण पाठीवर घेऊन गाडीपर्यंत तिनेच आणलं होतं. पाणी लुसिआनेने पाजलं होतं, ते आजीच्या लक्षात नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या खाटेशेजारी उभं असतानाही लुसिआनेला ते टोचलंच. मेलिआमे आत्याच्याच खांद्यावर झोपली होती.

संध्याकाळी दोघींनी खुर्चीला खुर्ची लावून स्क्रिप्ट दुरुस्त केली. फाकाउआ एकही गाळला नाही. कोरी पानं भरली. पण लिंक उघडली म्हणजे दार उघडलं असं नाही, आणि सगळीच माणसं कुणाच्या यादीत असतात असंही नाही.

तुमच्या गल्लीतही असेल एखादी. बऱ्याच दिवसांत दिसली नाही, आणि विचारलं की सगळे म्हणतात, "लेकाकडे गेल्या असतील." हे वाचून झालं की उठा, आणि तिचं दार वाजवून या.