टाचेवरचा नंबर

आमच्या घराचं स्मारक झालं ते एका मोठ्या माणसाच्या तापामुळं. कुठंतरी भाषणाला निघालेला हा गृहस्थ वाटेत आजारी पडला, आमच्या पुढच्या खोलीत अकरा दिवस झोपला आणि बरा होऊन निघून गेला. तेव्हा आई वीस वर्षांची होती, तीच त्याला औषध पाजायची. "मेला जाताना येतो म्हणूनसुद्धा गेला नाही," असं ती घर बघायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची.

पुढं राज्यात उद्यानं, संग्रहालयं आणि ऐतिहासिक वास्तूंचा कायदा आला. त्याचं नववं कलम मला तोंडपाठ आहे, कारण मी खात्यात नोंदणी कारकून. सूचीतली वस्तू मंडळाच्या परवानगीशिवाय वास्तूबाहेर नेऊ नये, तिची झीज होऊ देऊ नये. आमच्या घराची सूची करायचं काम माझ्याच गळ्यात पडलं आणि नंतर घराची राखणही.

वस्तूला नंबर घालायचा तो चटकन दिसणार नाही अशा जागी. आधी वार्निशचा थर, त्यावर बारीक ब्रशनं आकडा, वर पुन्हा वार्निश. त्याच आठवड्यात डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, आईचे फार तर दोन महिने. मी पातेल्यांच्या बुडांवर आकडे काढत होतो.

आई खिडकीपाशी बसली होती. "खुर्चीला नंबर घातलास, मग मीच काय घोडं मारलंय?" म्हणाली आणि पाय पुढं केला. तिला हसवायला मी तिच्या टाचेवर ११८ काढला. ती खोकला येईपर्यंत हसली. मग माझ्या हातातला ब्रश हिसकून घेतला. "आता तू! तुला बरी मोकळा सोडीन!" तिनं माझ्या टाचेवर ११९ काढला, वर वार्निशसुद्धा लावलं. किती गुदगुल्या झाल्या!

आमच्या कामात एकदा घातलेला नंबर वगळायचा नसतो, खोडायचाही नसतो. म्हणून वहीत लिहिलं: ११८, स्त्री, वृद्ध, अवस्था नाजूक. ११९, पुरुष, प्रौढ, अवस्था बरी. वाटलं, वर कुणीतरी वाचून काट मारेल. वर वाचतंय कोण! राजपत्रात जसंच्या तसं छापून आलं.

दोन महिने गेले. बारा वर्षं गेली. आई होती तशीच. नखं वाढेनात, केस पिकेनात, जेवायला वाढलं तर "नको रे" म्हणायची. तो डॉक्टर बिचारा स्वतःच वारला. मला काय आनंद झाला होता सांगू! कायद्यानं आई राखली होती. थोरली बहीण, आमची ताई, दोन गल्ल्या पलीकडं राहते. सामान ती आणून टाकायची, टपाल दारात यायचं. मी मुळातच घरकोंबडा.

दुसऱ्या वर्षी ताई आईला आपल्याकडं न्यायला आली. उंबऱ्यापाशी आईचा पाय उचलेना. आम्ही दोघांनी धरून उचलून पाहिलं, पण आई जागची हलली नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्याआधी तिला कळलं होतं.

"काढ रे तो नंबर," त्या दुपारी ती म्हणाली. "मी दमले आता."

"अर्ज केलाय आई, मंडळाकडं. सरकारी काम अन् सहा महिने थांब."

नव्हता केला. नंबर निघाला की ती जाणार, हे मला ठाऊक होतं. ती गेल्यावर मी सकाळी कुणासाठी उठायचं?

आधी ती दर महिन्याला विचारायची. मग वर्षातून एकदा. मग बोलायचीच थांबली. लोक बघायला यायचे, म्हणायचे, "पुतळा अगदी हुबेहूब." एक बाई जवळ वाकून म्हणाल्या, "डोळ्यांत पाणीसुद्धा दाखवलंय हो." मी तिथंच उभा राहून घड्याळ पुसत होतो.

गेल्या सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, ताई भरदुपारी आली. "मंडळात जाऊन आले. अर्ज आलेलाच नाही म्हणे. एकही नाही." ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आईजवळ गेली, खाली वाकली आणि म्हणाली, "अरे, हिच्या पापण्यांवर धूळ आहे रे."

मला रडूच फुटलं. "रड नंतर," ताई म्हणाली. "आधी ती वार्निश काढायची बाटली आण."

दोन थर निघायला वीस मिनिटं लागतात. मी कापसाचे बोळे भिजवून भिजवून टाच पुसत होतो. आठ पुसला गेला आणि अंगठा हलला. आईनं एवढा मोठा श्वास घेतला की ताई दचकली. बघता बघता केस पांढरेफेक झाले, मनगटं काडीसारखी झाली. बारा वर्षं एकदम आली.

"दोघंही आलात?" आई म्हणाली. "मला उन्हात न्या."

ताईनं तिला एकटीनं उचललं, इतकी ती हलकी झाली होती. उंबरा ओलांडला! ताई पायरीवर बसली आणि आईला मांडीवर घेतलं.

"ये ना रे, बघत काय बसलास?"

मी निघालो. उंबऱ्यापाशी माझा पाय उचलेना.

दार धरून जोर केला. बारा वर्षांत मी बाहेर पाऊल टाकलं नव्हतं, आणि टाकलं नाही हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

"तो कुठाय?" आईनं विचारलं. तिचा हात दाराकडं आला. मी आतून हात लांब केला. चार बोटं कमी पडली.

मी जमिनीवर बसकण मारली, पाय मांडीवर घेतला, बोळा भिजवला. "येतोय हं आई, आलोच, थोडंच राहिलंय." बाहेर ताई तिच्याशी बोलत होती, ऊन कसं पडलंय, समोरचं झाड केवढं झालंय. पहिला एक निघाला. दुसरा निघाला.

नऊ निम्मा पुसला होता तेव्हा ताई बोलायची थांबली.