पायांवर कोरलेला पत्ता

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. नऊ वर्षं एकाच खोलीत, एकाच खिळ्याला टांगलेला. पण आताशा कुणी माझ्याकडे नुसतं पाहिलं तरी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझी मालकीण, जिला सगळे ताई म्हणतात, लोकांच्या वेबसाइट सांभाळते. वेबसाइटचं नाव कायमचं मिळत नाही बरं का. मुदत संपण्याआधी ते पुन्हा आपल्या नावावर करून घ्यावं लागतं. राहून गेलं, तर कुणीही परका ते उचलतो. अशा साठेक नावांच्या तारखा माझ्या अंगावर असायच्या. "माझ्या डोक्यापेक्षा माझा फळा बरा," असं ताई आल्यागेल्याला सांगायची आणि मी फुशारून जायचो. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते काही खोटं नाही.

एके दिवशी पायवाले काका आले. पाय गमावलेल्यांना ते कृत्रिम पाय बनवून देतात. त्यांची वेबसाइट भाचा बघायचा. तो परगावी गेला म्हणून काम ताईकडे आलं. "प्रत्येक पायावर मी वेबसाइटचा पत्ता कोरतो," काका म्हणाले. "पट्टा तुटला, सांधा ढिला झाला, तर माणसानं मला शोधायचं कुठे?"

नाव देणाऱ्या कंपनीच्या कागदावर मुदतीची तारीख होती ०५/११. ताईनं माझ्यावर लिहिलं, पाच नोव्हेंबर. पण ती कंपनी आधी महिना आणि मग दिवस लिहायची. खरी तारीख होती अकरा मे.

एप्रिलपासून मुदत संपत आल्याचे ई-मेल येऊ लागले. असे खोटे ई-मेल पाठवणारे भामटे ताईनं पुष्कळ पाहिले होते. तिनं माझ्याकडे मान वळवली. "फळ्यावर नोव्हेंबर आहे. यांना दुसरे उद्योग नाहीत," म्हणाली आणि ई-मेल काढून टाकला. असं चार वेळा झालं. चारही वेळा मी ढिम्म.

ऑगस्टमध्ये काकांचा फोन आला. एका मुलीच्या वर्गातल्या पोरांनी तिच्या पायावरचा पत्ता उघडून पाहिला, तर तिथे पत्त्यांचा जुगार. तेव्हापासून पोरं तिला 'पत्तेवाली' म्हणून चिडवत होती आणि ती शाळेत जायला तयार नव्हती.

ताईनं खूप धावाधाव केली, पण नाव गेलं ते गेलंच. मग काका त्या मुलीला घेऊन आले. ताईनं तिची माफी मागितली, काही लपवलं नाही. काकांनी खाली बसून कानशीनं पत्ता घासून काढला. असे चारशे बारा पाय बाकी होते.

"पण काका, पट्टा तुटला तर आता तुम्हाला शोधू कुठे?" मुलीनं विचारलं.

"तू नको शोधूस. मीच येत जाईन, दर महिन्याला. सगळ्यांकडेच जाणार आहे."

काका सत्तरीचे आहेत, मित्रांनो. जिना चढताना दोनदा थांबतात. तेव्हा एवढं ऐका, तारीख लिहाल तेव्हा महिना अक्षरांत लिहा. आणि मुदत संपतेय असं कुणी सांगितलं, तर आमच्याकडे बघून निर्धास्त होऊ नका, नीट चौकशी करा. आम्हा फळ्यांना लाज वाटते, पण बोलता येत नाही.