धावपट्टीवर माझं जरा जास्तच प्रेम होतं

मित्रांनो, क्रिकेटच्या मैदानावरून थेट विमानांच्या संगतीत गेलेला रोलर तुम्ही कधी बघितलाय? नाही ना! मग मला बघा. मी एक जुना, ओतीव लोखंडाचा, दांडी धरून ओढायचा रोलर आहे. वजन अडीचशे किलो, आणि ते सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही.

माझा जन्म इंग्लंडच्या मधल्या भागातल्या एका ओतशाळेत झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, गार केलं, वर हिरवा रंग फासला आणि माझी रवानगी झाली क्रॉयडनला. तिथल्या एका छोट्या क्रिकेट क्लबात मी पस्तीस वर्षं खेळपट्टी दाबली. पाणी मारायचं, माती ओलसर असतानाच मला फिरवायचं, की खेळपट्टी अशी घट्ट व्हायची की चेंडू टणकन उसळायचा. एवढी एकच विद्या मी शिकलो, पण पक्की शिकलो.

त्या क्लबाच्या तिसऱ्या टीममध्ये काशीनाथ मेश्राम खेळायचे. मूळचे नागपूरचे, रेल्वेच्या सिग्नलचे इंजिनिअर. सगळे त्यांना काका म्हणायचे. बॅटिंगला अकरावे यायचे आणि आले तसे परत जायचे. पण मला ओढायला त्यांचा नंबर नेहमी पहिला! ओढता ओढता माझ्याशी बोलायचेसुद्धा. ऑफिसचं, घरचं, आणि चाळिशीनंतर शिकायला घेतलेल्या विमानाचं.

मग क्लबाने इंजिनवाला रोलर आणला आणि मी गेलो पॅव्हिलियनच्या मागे. आजूबाजूला खाजरं गवत, अंगावर गंज आणि दांडीवर गोगलगाईंचं अख्खं खटलं. अकरा वर्षं! कोणी ढुंकूनही बघितलं नाही. शेवटी क्लबच बंद पडला. भंगारवाला माझ्याभोवती साखळी गुंडाळत होता, तेवढ्यात पांढऱ्या केसांचा एक माणूस धावत आला.

"अहो, थांबा! ह्याला नेऊ नका. हा माझा जुना मित्र आहे."

काका! मित्रांनो, लोखंडाला रडता येत नाही म्हणून, नाही तर मी तेव्हाच आणखी गंजलो असतो.

ट्रेलरवर बसून मी वेल्सच्या डोंगरात आलो. तिथे मिसेस प्रॉसर नावाच्या शेतकरीणबाईंच्या माळावर गवताची एक धावपट्टी होती. लांबी चारशे ऐंशी मीटर. एका टोकाला मेंढ्या, दुसऱ्या टोकाला दरी. बाईंचे यजमान पूर्वी तिथे आपलं छोटं विमान उतरवायचे. ते गेल्यावर पट्टीवर खड्डे आणि उंदरांनी उकरून टाकल्यासारखे मातीचे उंचवटे झाले होते. अशा आडरानातल्या पट्ट्या एकेक करून नाहीशा होत होत्या. कुठे नांगर फिरला, कुठे घरं उठली. आणि डोंगरात ढग अचानक खाली आले, की पायलटला अशीच एखादी पट्टी जीव वाचवायला लागते. झॅकरीला विचारा! इल्फर्डचा हा दातांचा डॉक्टर, आईवडील मुंबईचे मराठी ज्यू. एकदा ढगात सापडला आणि ह्याच माळावर कसाबसा उतरला. उतरल्यावर गवतावर आडवाच पडला, आणि पहिलं वाक्य बोलला ते मराठीत, "आई गं!"

तेव्हा काकांनी वीसेक पायलट गोळा केले आणि ही पट्टी जगवायची असं ठरवलं. मिसेस प्रॉसर म्हणाल्या, "सांभाळता येत असेल तर सांभाळा."

काकांनी एक नियम काढला. इथे उतरलात, तर दोघांनी मिळून रोलरची एक फेरी मारायची, मगच चहा. चौदा फेऱ्या झाल्या की पट्टीची रुंदी पूर्ण व्हायची. काय दिवस होते ते! माझ्यावर नवा रंग चढला. उंचवटे बसले, खड्डे भरले. लोक माझ्यासोबत फोटो काढायचे. काकांची पुतणी दीक्षा मिल्टन कीन्सला आयटीत होती. काकांमुळेच तीही विमान शिकली होती. ती आली की माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "काय रे जाड्या, कसा आहेस?"

आणि पाऊस पडून गेला, की काका मला आवर्जून बाहेर काढायचे. "ओल आहे तोवरच दाबायचं," ते झॅकरीला समजवायचे. "क्रॉयडनला आम्ही असंच करायचो."

मीही जीव लावून दाबायचो.

चौथ्या वर्षी पट्टीवर पाणी साचायला लागलं. आधी डबकी, मग गवताच्या जागी शेवाळ. झॅकरीच्या विमानाचं चाक रुतलं, आठ जणांनी ढकलून बाहेर काढलं. काका म्हणाले, अजून दाबायला हवं. आम्ही अजून दाबलं. पाणी अजून वाढलं. पुढचे दोन हिवाळे तिथे एकही विमान उतरू शकलं नाही. सगळे आपापल्या गाड्यांनी येऊन, चहा पिऊन, तोंडं पाडून परत जायचे.

फेब्रुवारीत मिसेस प्रॉसर कुंपणापाशी आल्या. "मिस्टर मेश्राम, मला माळावर झाडं लावायची आहेत. विमानं येत नसतील तर ही जागा नुसती तळं म्हणून मी का ठेवू? एप्रिलच्या शेवटच्या रविवारी इथे विमान उतरलं, तर पट्टी तुमची. नाही तर सोमवारी रोपं येतील."

काका पट्टीकाठच्या शेडच्या दारात माझ्याकडे आले आणि दांडी धरली.

"काका, एक मिनिट," दीक्षा म्हणाली. तिच्या हातात कुदळ होती. "आधी इथे या."

तिने पट्टीच्या मधोमध वीतभर खणलं. खाली माती वडी थापल्यासारखी घट्ट, गवताची मुळं आत शिरता न आल्यामुळे आडवी पसरलेली. मग तिने कुंपणाखाली खणलं, जिथे मी कधीच पोहोचत नसे. तिथे भुसभुशीत माती आणि गांडुळंच गांडुळं! तिने दोन्ही खड्ड्यांत बाटलीतलं पाणी ओतलं. कुंपणाखालचं पाणी बघता बघता जिरलं. पट्टीतलं तसंच राहिलं, त्यात ढग दिसत होते.

"अरे बापरे," झॅकरी वाकून म्हणाला. त्याच्या मराठीला पाहुण्यासारखं सांभाळून घ्यावं लागतं. "हा माती तर एकदम डेड आहे, काका. ह्याला रूट कॅनाल पण नाय होणार."

"क्रिकेटची खेळपट्टी घट्टच लागते," दीक्षा हळू आवाजात म्हणाली. "पण ह्या मातीला पाणी प्यायचं असतं. आपण ती ओली असताना दाबत राहिलो, काका."

"म्हणजे मीच बुडवली पट्टी?"

"आपण सगळ्यांनी."

"नियम माझा होता, दीक्षा."

आणि रोलर कोण होता? मी! मित्रांनो, इतकी वर्षं शाबासकी घेतली, आणि त्या क्षणी मला वाटलं, भंगारवाल्याने नेलं असतं तर बरं झालं असतं.

काका परत माझ्यापाशी आले. मग त्यांनी दांडी धरून ठेवणारी खीळ उपसली, खिशात टाकली, आणि दांडी काढून शेडच्या कोपऱ्यात उभी केली. आता मला कोणी ओढूच शकणार नव्हतं. "चल," ते दीक्षाला म्हणाले, "आता काय करायचं ते तू सांग."

त्यानंतरचे सगळे शनिवार मी शेडच्या दारातून बघत राहिलो. मिल्टन कीन्स, इल्फर्ड, कुठून कुठून पायलट यायचे, विमानाने नव्हे, गाडीने, डिकीत माती उकरायचा, चार लांब दातांचा बागेतला दाताळा टाकून. एका ओळीत उभे राहायचे. दाताळा खुपसायचा, पायाने दाबायचा, मागे रेटायचा, पाऊल पुढे. चार दात, चार भोकं, असं अख्खं चारशे ऐंशी मीटर! काका सगळ्यांत हळू, पण ओळ सोडली नाही. झॅकरी ओरडायचा, "शालोम, काका! माझा कंबर गेला!" आणि काका ओरडायचे, "जय भीम! कंबर घरी सोडून ये!" बाजूला त्यांनी उथळ चर खणले. मिसेस प्रॉसर दर वेळी कुंपणाशी येऊन बघून जायच्या.

एप्रिलचा शेवटचा रविवार उजाडला, तो आदल्या दिवशीच्या पावसानंतर. दीक्षा विमान घेऊन निघाली होती. पट्टीवर डबकं नव्हतं! पण दाताळ्यांनी वर आलेली माती जागोजागी ढेकळं होऊन बसली होती.

झॅकरीने शेडकडे बघितलं. "काका, फक्त एक फेरी? वरून वरून? नुसतं ढेकळं बसतील."

खरं सांगू? माझ्या सगळ्या लोखंडात शिरशिरी आली. एकच फेरी! मला परत कामाला यायचं होतं. सगळ्यांनी पुन्हा माझं कौतुक करावं असं वाटत होतं.

काका शेडपर्यंत आले. खिशात हात घातला. खीळ बाहेर काढली, तळहातावर धरली. त्यांच्या बोटांना माझी सवय होती, ते मला दिसत होतं. मग त्यांनी पट्टीकडे बघितलं. एका भोकातून हिरवा कोंब वर आला होता, जेमतेम नखाएवढा.

"नको," ते म्हणाले. "आजच तर जमिनीने श्वास घेतलाय. ढेकळं आपण पायाने फोडू."

आणि वीस पायलट, मोठी माणसं, डॉक्टर, इंजिनिअर, बूट आपटत पट्टीभर नाचल्यासारखी फिरली. मिसेस प्रॉसरही आल्या आणि त्यांनीही एक ढेकूळ टाचेने फोडलं.

दुपारी डोंगराच्या खांद्यावरून दीक्षाचं पांढरं विमान आलं. चाकं टेकली, थोडी उसळली, धावली आणि विमान अर्ध्या पट्टीतच थांबलं. मागे ना चिखल उडाला, ना चाक रुतलं. मिसेस प्रॉसर वाकल्या. त्यांनी चाकाच्या खुणेत बोट घातलं. पहिल्या पेरापर्यंतसुद्धा गेलं नाही.

"मिस्टर मेश्राम," त्या म्हणाल्या, "झाडं मी कुंपणाच्या पलीकडे लावते."

झॅकरीने आनंदाने आरोळी ठोकली. दीक्षा धावत येऊन काकांच्या गळ्यात पडली. आणि त्या सगळ्या गडबडीत माझ्याकडे कोणीच बघितलं नाही. मी गुपचूप शेडमध्ये होतो. आयुष्यात पहिल्यांदाच, काही न करता, मला अभिमान वाटला.

संध्याकाळी काका आले, माझ्यावर टेकून बसले आणि पट्टीकडे बघत म्हणाले, "दोस्ता, आपलं प्रेम खोटं नव्हतं. फक्त आपण जरा खाली वाकून बघायला हवं होतं."

मित्रांनो, तुम्हीही कशाची तरी काळजी घेत असाल. एखाद्या रोपाची, मांजराची, धाकट्या भावाची, एखाद्या जागेची. खूप घ्या, जीव लावून घ्या! पण मधूनमधून हात काढून बघा, खाली मुळं सरळ जातायत का. आणि जातायत असं दिसलं, की जरा वेळ नुसते जवळ बसा. मी बसलोय ना, अडीचशे किलो असूनसुद्धा!