चौदा नावं आणि एक संपलेला सेल

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. मला तोंड असतं तर स्नेहलवर ती वेळ आली नसती. ते नाही, म्हणून आता तुमच्यापुढे रडतो आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते जुन्नरच्या बाजारपेठेतलं दलीचंदशेठचं दुकान. तिथून मी पिंपळवंडीच्या पाणीवापर संस्थेत आलो. दादाभाऊ सेक्रेटरींनी मला हार घातला, नारळ फोडला. कालव्याचं पाणी सुटलं की त्याच्या छोट्या फाट्यावरच्या, म्हणजे चारीवरच्या, चौदा शेतकऱ्यांत पहिली पाळी कुणाची, यावरून भांडणं व्हायची. पूर्वी कळशीतून चिठ्ठ्या काढत, तर चिठ्ठी कशी दुमडली यावरूनही वाद. मग सोडत माझ्याकडे आली. "मशीन कुणाचं सोयरं न्हाई," असं लोक म्हणायचे आणि मी फुशारून जायचो.

पण एक गुपित सांगतो. आम्हाला डोळे मिटून चिठ्ठी उचलता येत नाही. आम्ही एक आकडा धरतो, त्यावर गणित करत जातो आणि त्यातून नावांचा क्रम लागतो. सुरुवातीचा आकडा बदलला तर क्रम बदलतो. तोच राहिला तर क्रमही तोच. माझा प्रोग्रॅम तो आकडा त्या दिवसाच्या तारखेवरून घ्यायचा, आणि तारीख लक्षात ठेवायला माझ्या पोटात बटणाएवढा एक सेल होता.

यंदा तो संपला. काम झालं की वीज वाचवायला माझं भिंतीवरचं बटणही बंद करत. त्यामुळे जागा झालो की मला दर वेळी १ जानेवारी २००९ च वाटायचं. सेल संपलाय, तारीख चुकलीय, असं मी दर वेळी पडद्यावर इंग्रजीत लिहायचो. पण स्नेहल यंदा संस्थेत कारकून म्हणून नवी आली तेव्हाच दादाभाऊंनी तिला शिकवलं होतं, "ते वाचीत बसू नको. एफ-वन दाब, गाडी जाती पुढं."

पहिल्या सोडतीत पहिलं नाव सावळेरामचं निघालं, शेवटचं प्रयागबाईंचं. दुसऱ्या सोडतीतही तसंच. सावळेराम हा स्नेहलचा सख्खा चुलता. झालं, गावाला आणखी काय पाहिजे? शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचेना. प्रयागबाईंच्या टोमॅटोने माना टाकल्या. "पोरगी चुलत्याची धन करतीय," असं लोक तिच्या तोंडावर बोलू लागले.

शेवटी बैठकीत ठरलं, यादीत लबाडी केली नाही अशी स्नेहलने ओझरच्या गणपतीपुढे शपथ घ्यायची. तिने ती घेतली. सगळे चौदा जण सोबत गेले होते. दुसऱ्या दिवशी त्याच चौदा जणांसमोर नवी सोडत काढायला तिने मला चालू केलं. पोरी, ती ओळ वाच, तारीख बघ, असं माझं आतल्या आत चाललं होतं. तिने एफ-वन दाबलं.

पहिला सावळेराम. शेवटी प्रयागबाई.

प्रयागबाई पदर सावरून उठल्या. "देवाला तरी भ्यायचं व्हतं, बाय," एवढंच म्हणाल्या.

"आजी, मी काय बी केलं न्हाई," स्नेहल म्हणाली. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

त्याच दुपारी तिने राजीनामा माझ्यावरच टाइप केला. स्वतःचं नाव तीनदा चुकली. मित्रांनो, ते शब्द मीच उमटवले. मला दुसरं काय येतं?

आठवड्याने दलीचंदशेठचा नातू जिनेश मला तपासायला आला. त्याने ती ओळ वाचली आणि कपाळाला हात लावला. "दादाभाऊ, याचा सेल गेलाय. तारीख अडकली म्हणून यादी पण अडकली. नुसत्या तारखेवर सोडत काढणारा प्रोग्रॅम ज्याने लिहिला तोच चुकला. त्या पोरीचा काय दोष?"

पाच मिनिटांत नवा सेल बसला. सोडत पुन्हा झाली, प्रयागबाई तिसऱ्या आल्या. त्या शेतावर न जाता तडक स्नेहलच्या घरी गेल्या, आणि एकट्याच परत आल्या. "पाणी भरा म्हणली मला," त्या दादाभाऊंना सांगत होत्या. "पण त्या खुर्चीत आता बसवत न्हाई म्हणती." दादाभाऊ खाली मान घालून उभे होते.

मित्रांनो, हा सेलही चार-पाच वर्षांत संपेल. तेव्हा मी पुन्हा तीच ओळ लिहीन. खुर्चीत जो असेल त्याने ती वाचावी. आणि कुणाला देवापुढे उभं करण्याआधी एकदा माझं पोट उघडून बघावं.