उपवासाच्या चिक्कीत एक चमचा मैदा

मित्रांनो, मी एक जुना लेबल प्रिंटर आहे. अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या एका गराजमध्ये जादाच्या फ्रीजवर बसतो. संध्याकाकू शेंगदाण्याची चिक्की ऑनलाइन विकतात, आणि तिचं लेबल मी छापतो. 'उपवासाला चालेल' हे शब्द मी इतके छापलेत, की थोडं पुण्य मलाही लागलं असणार.

पूर्वी दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकाला टॅक्स लागत नसे. मग माल जिथे जातो त्या राज्याला टॅक्स घेता येईल असं कोर्टाने ठरवलं, आणि वेबसाइट बिलात टॅक्स आपोआप जोडायला लागली. काकूंचे नवरे, पुरुषोत्तमकाका, भडकले.

"चिक्की झाली आपल्या ओट्यावर. इंडियानाचा काय संबंध?"

"खाणारं तोंड तिकडे आहे ना!" काकू म्हणाल्या.

काकांनी नियम वाचले. चिक्की म्हणे कँडी, म्हणून टॅक्स. पण पुष्कळ राज्यांत पदार्थात पीठ असलं, की तो कँडी राहत नाही, टॅक्समधून सुटतो. काकांनी काकूंच्या नकळत पाकात चमचाभर मैदा टाकला आणि नियमाप्रमाणे लेबलही बदललं. मी निमूटपणे छापलं: 'उपवासाला चालेल. यात मैदा आहे.'

खरं तर तेव्हाच माझ्यात कागद अडकायला हवा होता.

महाशिवरात्रीला इंडियानाहून आमच्या जुन्या गिऱ्हाईक शरयूमावशींचा फोन आला. "संध्या, सहा तुकडे खाल्ले आणि मग चष्मा लावला! लग्नापासूनचा उपवास मोडला गं माझा!"

संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्या महाराष्ट्र मंडळांत पोचली. ऑर्डरी धडाधड कॅन्सल. काकूंचा धंदा त्या एका 'उपवास' शब्दावर उभा होता.

काका मात्र खुशीत. "अगं, राजगिऱ्याचं पीठ घालू! उपवासाला चालतं."

"का चालतं?"

"ते धान्य नाही म्हणून."

"आणि टॅक्स सुटायला?"

काकांनी नियम परत वाचला. आवाज बारीक झाला. "पीठ धान्याचं हवं म्हणतात."

"म्हणजे महादेवाला सांगायचं धान्य नाही, आणि इंडियानाला सांगायचं आहे?"

"ते दोघं एकमेकांशी थोडेच बोलतात, यार!"

काकूंनी मैद्याचा डबा त्यांच्या हातात दिला आणि माझ्यासमोर येऊन स्वतः टाइप केलं: 'पीठ नाही. टॅक्स आहे. उपवासाला चालेल.'

पुढच्या एकादशीला पहिली ऑर्डर शरयूमावशींची आली. सोबत निरोप: लेबल मोठ्या अक्षरात छाप.

तेव्हा मित्रांनो, आम्हा प्रिंटरांचं डोकं, म्हणजे प्रिंटहेड, अधूनमधून स्पिरिटने पुसत जा. आमच्यात काय टाइप करायचं, त्यासाठी मात्र आधी तुमचं डोकं पुसा.