पांढऱ्या रेघेमागचा उंबरठा

मी एक जुना उंबरठा आहे. पण हळदकुंकू घेऊन येऊ नका, मी पाण्याखाली असतो. मध्य इंग्लंडच्या कालव्यावर, जिथे पाणी एक पायरी खाली उतरतं, तिथे दोन्ही टोकांना लाकडी दारं असलेला दगडी हौद आहे. भरलेल्या हौदात नाव येते, खालच्या दाराच्या झडपा उघडून पाणी सोडलं की हळूहळू उतरते आणि पुढे निघून जाते. वरच्या दाराखाली, नावेच्या शेपटीमागे, मी बसलेला असतो. पाणी ओसरलं की उघडा पडतो.

मित्रांनो, घोडे कोळशाच्या नावा ओढत तेव्हा मला मान होता. नावेतच जन्मलेल्या बाया कडेवर पोर घेऊन सुकाणू धरायच्या आणि माझ्यापासून नेमक्या लांब राहायच्या. आता येतात सुट्टीवाले. भाड्याची नाव, छपरावर फुलांच्या कुंड्या, हातात चहा, घाई कसलीच नाही. आरामाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माझी जागा कळावी म्हणून भिंतीवर जाडजूड पांढरी रेघ ओढली आहे. तिच्याकडे बघायलाही ज्यांना सवड नाही, त्यांचा मला भयंकर संताप येतो!

परवा गॉडफ्री नावाचा असाच एक शहाणा आला. बायको बेरिल काठावर झडपांपाशी उभी. त्याच्या सासूबाई नावेच्या पुढच्या खोलीत विणत बसलेल्या.

"अरे, रेघेच्या पुढे घे ना नाव!" बेरिल ओरडली.

"अगं, ती रेघ नवशिक्यांसाठी. तू सोड पाणी," म्हणत त्याने बिस्कीट चहात बुडवलं.

पाणी उतरलं तशी नावेची शेपटी माझ्यावर अडकली आणि नाक खाली जाऊ लागलं. कपाटातल्या बशा खळाखळा फुटल्या. पुढच्या खोलीच्या दाराखालून पाणी आत शिरलं.

"बेरिल! दार उघडत नाही गं!" आतून म्हातारीचा आवाज आला. मला भुगा होऊन पडता आलं असतं तर पडलो असतो. तिचं मरण माझ्या माथी येणार होतं.

"अजून पाणी सोड, सुटेल ती!" गॉडफ्री किंचाळला.

"तू गप्प बस!" बेरिलने खालच्या झडपा धाडकन बंद केल्या, वरच्या दाराशी धावली आणि बेताबेताने पाणी आत घेतलं. नाव थरथरली आणि माझ्यावरून उचलली गेली.

सासूबाई गुडघ्यापर्यंत भिजून बाहेर आल्या. तेवढ्यात हा म्हणतो कसा, "भलत्या जागी दगड ठेवलाय मूर्खांनी! फोडून टाकला पाहिजे."

"दगड जागेवरच होता, गॉडफ्री," त्या म्हणाल्या. "हलायचं तुला होतं." आणि ओल्या बुटांनी काठाकाठाने चालू लागल्या. नावेत परत बसल्या नाहीत.

मित्रांनो, मला खुशाल शिव्या द्या. पण सुकाणू हातात घेतलंत तर त्या रेघेकडे बघा. आत कुणीतरी तुमच्या भरवशावर बसलेलं असतं, आणि मला बाजूला सरकता येत नाही.