पाटीवरचा पाय

आगरावरच्या आट्यापाट्यांना पंच नव्हता आणि कुणाला तो हवाही नव्हता. पावसाळा सरला की मिठाचे वाफे सुकत. भरतीचं पाणी आत घ्यायच्या आधी त्यांचा तळ चोपून टणक करावा लागे, आणि त्या चोपलेल्या तळावर वरचं आगर आणि खालचं आगर एक दिवस खेळायचं. चार आडव्या पाट्या आखायच्या, प्रत्येक पाटीवर एक राखणारा. पळणाऱ्याने चारही पाट्या ओलांडून पलीकडच्या जुन्या राशीतलं चिमूटभर मीठ उचलायचं आणि सूर्य समुद्राला टेकायच्या आत परत यायचं. राखणाऱ्याचे दोन्ही पाय पाटीवर असताना हात लागला तर पळणारा बाद. पाय सुटलेला असेल तर तो हात खोटा. अशा वेळी पळणाऱ्याने दोन पाट्यांमधला एक चौक मागे जाऊन पुन्हा सुरुवात करायची. लागला की नाही, सुटला की नाही, हे ज्याचं त्याने सांगायचं.

दयाराम वरच्या आगराचा. त्याच्यासारखा राखणारा खाडीकाठी दुसरा नव्हता. त्याचं दुखणं निराळं होतं. गेल्या वर्षी खालच्या आगराचा नजमुद्दीन मीठ घेऊन परत पोचला होता, त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी होतं. आणि तोच म्हणाला, "थांबा. दयाचं बोट मघाशी पाठीला लागलंय." दयारामला स्वतःला ते कळलंही नव्हतं.

वरचं आगर जिंकलं. नाव झालं नजमुद्दीनचं. बंदरावर मचव्यात माल भरताना कुठे वाद निघाला की माणसं म्हणत, "नजूला विचारा." दयारामच्या बोटाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. त्याची बायको तुळशीसुद्धा एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "काय मानूस हाय तो." दयारामने पुढची भाकरी घेतली नाही.

आपल्याबद्दलही कुणीतरी असं म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

यंदा खेळ संपत आला तेव्हा खालच्या आगराचा एकटा नजमुद्दीन उरला होता. मीठ मुठीत घेऊन तीन पाट्या ओलांडून तो आला. शेवटच्या पाटीवर दयाराम. नजमुद्दीनने डावीकडे झुकून उजवीकडे उडी घेतली, आणि हात पोचणार नाही हे दयारामला स्वच्छ दिसलं. त्याने पाटी सोडली, एक पाऊल पुढे टाकलं आणि त्याचं मनगट धरलं. मग लगेच दुसरा हात वर केला.

"पाय सुटला माझा."

काठावर बसलेले म्हातारे रावजीकाका म्हणाले, "शाब्बास रे दया. सरल मानूस."

त्या दोन शब्दांनी दयारामचा ऊर भरून आला. नजमुद्दीन मुकाट्याने एक चौक मागे गेला. तिथून तो पुन्हा आला. पुन्हा तो निसटतोय असं दिसताच दयारामने पाऊल टाकलं, धरलं, हात वर केला. या वेळी रावजीकाकांनी नुसती मान हलवली. तिसऱ्यांदा कुणीच काही बोललं नाही. सूर्य ताडांच्या खाली उतरला होता.

नजमुद्दीन धापा टाकत उभा राहिला. "दया, मुद्दाम करतोस काय रे?"

पाय किती वेळा सुटावा यावर काही नियम नव्हता. कुणी तो मुद्दाम सोडील हे आजवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं काय ते एकट्या दयारामला ठाऊक.

"न्हाय," तो म्हणाला.

"न्हाय तर न्हाय." नजमुद्दीन हसला आणि मागे गेला. एवढ्या सहज त्याने ते मानलं, की दयारामला तो मघापेक्षाही जास्त खुपला.

चौथ्यांदा नजमुद्दीन दमला होता. त्याची उडी तोकडी पडली. दयारामचे दोन्ही पाय पाटीवर घट्ट रोवलेले होते, आणि त्याच्या मधल्या बोटाच्या टोकाला सदऱ्याचं ओलं कापड लागलं. इतकं ओझरतं, की दुसऱ्या कुणाला दिसणं शक्य नव्हतं. पण लागलं.

"लागला," तो म्हणाला. "पाय पाटीवर."

नजमुद्दीन पाटीपलीकडे पोचला होता. त्याने मागे वळून पाहिलं. "मला तर काय कळला न्हाय."

"लागला, नजू. बोट लागला."

"तू बोलतोस ना? मग लागला." त्याने मूठ उघडून मीठ खाली सांडलं आणि तो बाहेर जाऊन बसला.

वरचं आगर पुन्हा जिंकलं. माणसं उठली ती नजमुद्दीनच्या दिशेने. कुणी त्याला पाण्याचा तांब्या दिला, कुणी पाठीवरची माती झटकली. "दुसऱ्याच्या शब्दावर बाद झाला," एकजण म्हणाला. "असा कोन जातो रं?"

दयाराम पाटीवर तसाच उभा होता. आयुष्यातला सगळ्यात सुरेख हात त्याने आज लावला होता. शिवाय तो खरा होता. मघाची तीन पावलं खोटी होती, हा हात खोटा नव्हता. ते ओरडून सांगावंसं त्याला वाटलं. पण खरं म्हणून सांगायचं कोणत्या तोंडाने?

रावजीकाका काठी टेकत जवळ आले. "लागला व्हता ना रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"व्हय, काका."

म्हाताऱ्याने मान डोलावली, पण दयारामकडे पाहिलं नाही. घोळक्यात बसून पाणी पिणाऱ्या नजमुद्दीनच्या चेहऱ्याकडे ते निरखून पाहत राहिले. तिथे काही राग, काही संशय दिसतो का ते त्यांना बघायचं होतं. आणि दयारामच्या ध्यानात आलं, की श्वास रोखून आपणही तिकडेच पाहतोय.